निळ्या दिव्याखालचं लंडन : ‘द ब्लू लॅम्प’विषयी

हॅरो रोडवरच्या एका सिनेमागृहात दोन तरुण गल्ला लुटायला शिरले आहेत. गस्तीवरचा एक प्रौढ कॉन्स्टेबल आत येतो. अंगावर गणवेश, जवळ दांडका आणि शिटी. बंदूक नाही, कारण लंडनच्या गस्तीच्या पोलिसाला ती दिलीच जात नाही. समोरच्या पोराच्या हातात मात्र रिव्हॉल्व्हर आहे आणि त्याचा आवाज चिरकतोय. कॉन्स्टेबल थबकत नाही. वेडेपणा करू नकोस, ते खाली टाक, असं वडीलकीच्या सुरात सांगत तो पुढे येतो. पोरगा मागे सरकत बजावतो, पुन्हा बजावतो, आणि चाप ओढतो. गोळी खाणाऱ्यापेक्षा गोळी झाडणाराच जास्त घाबरलेला आहे, हे कॅमेऱ्याने अगदी जवळून पाहिलेलं आहे.

ब्रिटिश सिनेमातला पोलीस या एका प्रसंगानंतर बदलला. त्याआधीच्या बहुतेक चित्रपटांत गणवेशातला कॉन्स्टेबल हा विनोदापुरता किंवा दारावर उभा राहण्यापुरता असायचा. डोकं चालवणारे वेगळे असत : हौशी गुप्तहेर, नाहीतर स्कॉटलंड यार्डचे सुटाबुटातले अधिकारी. १९५० सालच्या जानेवारीत ‘द ब्लू लॅम्प’ प्रदर्शित झाला आणि पॅडिंग्टन ग्रीन ठाण्याचा कॉन्स्टेबल जॉर्ज डिक्सन एका राष्ट्राच्या घरातला माणूस झाला. त्या वर्षी ब्रिटनमध्ये सर्वाधिक चाललेल्या चित्रपटांत त्याचं नाव अग्रभागी होतं, आणि सर्वोत्कृष्ट ब्रिटिश चित्रपटाचा ब्रिटिश अकादमीचा पुरस्कारही त्यालाच मिळाला. दिग्दर्शक बेसिल डिअर्डन, निर्माता मायकल बाल्कन, संस्था ईलिंग स्टुडिओज. लंडनच्या पोलीस ठाण्यांबाहेर एकोणिसाव्या शतकापासून निळा दिवा लावायची पद्धत आहे, त्यावरून चित्रपटाचं नाव पडलं.

हे छोटं पुस्तक या एका चित्रपटाचं आणि त्याच्या पाठोपाठ आलेल्या काही चित्रपटांचं आहे. एवढ्या जुन्या, परक्या शहरातल्या, आज काही ठिकाणी भाबड्या वाटणाऱ्या चित्रपटाकडे मराठी वाचकाने लक्ष का द्यावं, याचं उत्तर प्रस्तावनेतच द्यायला हवं. माझं उत्तर असं. पोलिसांचं काम प्रत्यक्षात कसं चालतं हे इतक्या जिव्हाळ्याने आणि इतक्या तपशिलाने दाखवणारा चित्रपट त्याआधी ब्रिटनमध्ये झाला नव्हता. आणि पोलिसांवर इतका गाढ विश्वास ठेवणारे चित्रपटही थोडेच. त्याचं बळ आणि त्याचा दोष एकाच जागेवरून येतात : मेट्रोपॉलिटन पोलिसांनी ईलिंगला आपली दारं उघडून दिली. उघड्या दारातून जे दिसलं ते चित्रपटाने उत्तम टिपलं. दार उघडून देणाऱ्याला विचारायचे प्रश्न मात्र त्याने विचारले नाहीत.

त्या वर्षांचं लंडन आधी डोळ्यांसमोर आणायला हवं. युद्ध संपलं होतं, रेशनिंग संपलेलं नव्हतं. बॉम्ब पडून मोकळ्या झालेल्या जागा गल्लीगल्लीत होत्या आणि त्या ढिगाऱ्यांवर मुलं खेळत होती. सैन्यातून पळालेले, कागदपत्रांवाचून जगणारे तरुण शहरात वावरत होते, काळा बाजार तेजीत होता, युद्धातून घरी आलेली पिस्तुलं हातोहात फिरत होती. १९४७ साली शार्लट स्ट्रीटवर जवाहिऱ्याचं दुकान लुटण्याचा प्रयत्न करून पळणाऱ्यांना अडवायला गेलेला अ‍ॅलेक डी अँटिक्विस हा मोटारसायकलस्वार भर रस्त्यात गोळी लागून मेला. सहा मुलांचा बाप होता तो. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत साउथगेट भागात नॅथॅनिएल एडगर या कॉन्स्टेबलला डोनाल्ड थॉमस नावाच्या पळपुट्या सैनिकाने गोळ्या घातल्या. फाशीची शिक्षा स्थगित ठेवावी की नाही यावर तेव्हा संसदेत वाद चालू होता. त्या काळापुरत्या फाशीच्या शिक्षा रद्द करून जन्मठेप दिली जात होती आणि थॉमसचा जीव त्यामुळे वाचला. कायदा पाळणाऱ्या सामान्य माणसाच्या मनात या बातम्यांनी काय झालं असेल हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. चित्रपट सुरू होतो तोच या काळजीच्या सुरात. वर्तमानपत्रांचे मथळे झळकतात आणि निवेदक सांगू लागतो, की गुन्हे वाढताहेत, पोलीस कमी पडताहेत, आणि या दोहोंच्या मध्ये उभा आहे तो गस्तीवरचा साधा माणूस.

ईलिंग म्हटलं की रसिकांना विनोदी चित्रपट आठवतात, आणि त्यात चूक नाही. १९४९ या एका वर्षात या स्टुडिओने ‘पासपोर्ट टू पिम्लिको’, ‘व्हिस्की गलोर’ आणि ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ असे तीन चित्रपट दिले. पण युद्धकाळात बाल्कनने माहितीपट करणाऱ्या मंडळींना स्टुडिओत आणलं होतं. अल्बेर्तो काव्हाल्कान्ती, हॅरी वॉट यांच्यासारख्यांनी ईलिंगला एक सवय लावली : माणूस जिथे काम करतो तिथे जाऊन, काम करतानाच त्याला पाहायचं. ‘द ब्लू लॅम्प’ त्या सवयीचं अपत्य. मूळ कथा जॅन रीड आणि टेड विलिस यांची. पटकथा टी. ई. बी. क्लार्कने लिहिली आणि क्लार्क युद्धात राखीव कॉन्स्टेबल म्हणून लंडन पोलिसांत प्रत्यक्ष नोकरी करून आला होता. ठाण्यातली बोलण्याची ढब, वरिष्ठासमोर उभं राहण्याची पद्धत, रात्रपाळीची मरगळ त्याला ऐकीव माहितीवरून रचावी लागली नाही. अमेरिकेत १९४८ साली आलेल्या ‘द नेकेड सिटी’ने न्यूयॉर्कच्या खऱ्या रस्त्यांवर पोलीस तपास चित्रित करून वाट दाखवून दिलीच होती. ईलिंगने ती वाट लंडनमध्ये आणली आणि तिच्यावर स्वतःचा, शेजारधर्माचा रंग चढवला.

गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. अँडी मिचेल हा नवा कॉन्स्टेबल पॅडिंग्टन ग्रीन ठाण्यात रुजू होतो. निवृत्तीला आलेला जॉर्ज डिक्सन त्याला हाताशी धरतो. पोराला राहायला जागा नाही म्हणून घरीच आणतो. डिक्सन दांपत्याचा मुलगा युद्धात गेलेला आहे. त्याची रिकामी खोली अँडीला मिळते, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. दुसरीकडे घरातून पळालेली सतरा वर्षांची डायाना लुइस, तिचा मित्र टॉम रायली आणि त्याचा साथीदार स्पड हे भुरट्या चोऱ्यांवरून दरोड्यापर्यंत येतात. रायली डिक्सनला गोळी घालतो. डिक्सन रुग्णालयात मरतो. उरलेला चित्रपट रायलीच्या शोधाचा.

आता बळाच्या जागा. यातली पहिली म्हणजे ठाण्याचं दैनंदिन जीवन. कुठल्या सिनेमात पोलीस ठाणं एवढं राहतं वाटलं असेल! सकाळच्या हजेरीला रांगेत उभे राहून सूचना ऐकणारे कॉन्स्टेबल, कॅन्टीनमधला चहा, वेल्श सहकाऱ्याच्या हाताखाली चाललेली गाण्याच्या पथकाची तालीम, हरवलेल्या कुत्र्याची किंवा शेजाऱ्याच्या भांडणाची तक्रार घेऊन आलेली माणसं. यातलं बरंचसं कथेला पुढे नेत नाही. डिअर्डनला घाई नाही. पोलिसाच्या आयुष्याचा मोठा भाग चालण्यात, उभं राहण्यात, वाट सांगण्यात आणि नोंदी करण्यात जातो, हे त्याला माहीत आहे, आणि प्रेक्षकाने तो वेळ पोलिसाबरोबर काढावा अशी त्याची इच्छा आहे. म्हणूनच निम्म्या वाटेवर डिक्सनला गोळी लागते तेव्हा ओळखीच्या माणसाची बातमी कानावर आल्यासारखं होतं.

दुसरी जागा यंत्रणेची. आपत्कालीन दूरध्वनीसाठी ९९९ हा क्रमांक लंडनमध्ये १९३७ साली सुरू झाला. फोन आला की तो स्कॉटलंड यार्डच्या माहिती कक्षात पोचायचा, तिथून वायरलेसवरून गस्तीच्या गाड्यांना संदेश जायचा, आणि वोल्सली गाड्या घंटा वाजवत निघायच्या. आज हे कुणाला नवं नाही. तेव्हाच्या प्रेक्षकाने मात्र आपण केलेला फोन पुढे कुठे जातो हे पहिल्यांदा पाहिलं. चित्रपटाच्या शेवटाकडचा गाड्यांचा पाठलाग लॅडब्रोक ग्रोव्हच्या परिसरातल्या खऱ्या रस्त्यांवर आहे. पडदा, मागे सरकणारी चित्रं, स्टुडिओतली नकली गाडी असला प्रकार फारसा नाही. गॉर्डन डाइन्सच्या कॅमेऱ्यामुळे त्या रस्त्यांची नोंद राहिली हा आज एक वेगळाच लाभ ठरला आहे, कारण तो भाग पुढे ओळखू येणार नाही इतका बदलला. १९७० साली वेस्टवे हा उन्नत रस्ता त्याच्या डोक्यावरून गेला. चित्रपटात रायली ज्या मेट्रोपॉलिटन नाट्यगृहात स्वतःचा पुरावा तयार ठेवायला जातो, तेही साठच्या दशकात पाडलं गेलं.

तपासाचे धागेही असेच साधे. कालव्याकाठी खेळणाऱ्या एका लहान मुलीच्या हाती रिव्हॉल्व्हर लागतं. तिच्याशी बोलणाऱ्या पोलिसांना वेळ नाही, तिला मात्र भरपूर वेळ आहे. दरडावून उपयोग नाही, लाडीगोडीला ती बधत नाही. मोठ्या माणसांना तिच्या कलाने घ्यावं लागतं. तपास म्हणजे हुशारीचा एखादा झटका नव्हे, चिकाटी आणि दुसऱ्याच्या चालीने चालायची तयारी, हे या चित्रपटाला पक्कं ठाऊक आहे. तपास अधिकारी चेरीचं काम बर्नार्ड लीने केलंय (हाच पुढे बाँडपटांतला ‘एम’ झाला), आणि त्याने ते जराही चमक न दाखवता, कामाच्या ओझ्याने थोडा वाकलेला, थोडा चिडका माणूस म्हणून केलं. मला ते फार आवडतं.

आणि एक प्रसंग, ज्याच्यासाठी मी हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहतो. डिक्सन रुग्णालयात आहे, शस्त्रक्रिया झाली आहे, आशा आहे. डिक्सनबाई घरातली फुलं घेऊन त्याला भेटायला जायच्या तयारीत आहेत. डिक्सनला बागेचा नाद, तेव्हा फुलं त्याच्याच हातची. अँडी स्वयंपाकघरात येतो. बाई बोलत असतात, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहता पाहता त्यांना काय ते कळतं. अँडी सांगतो. त्या किंचाळत नाहीत. ही फुलं आता पाण्यात ठेवायला हवीत एवढंच म्हणतात आणि भांडं घ्यायला वळतात. मग कुठे बांध फुटतो. ग्लॅडिस हेन्सनने या भूमिकेत जे केलंय त्याला अभिनय म्हणावंसं वाटत नाही. संकट आलं की हात आपोआप रोजच्या कामाकडे जातात. आपल्याकडे मयताच्या घरातसुद्धा कुणीतरी चहाचं आधण ठेवतं, तसंच ते. कॅमेरा जवळ जाऊन रडू टिपत बसत नाही. ठाण्यातल्या कामाला दिलेला मान इथे त्याने स्वयंपाकघरातल्या कामालाही दिला आहे, आणि म्हणून प्रसंग खरा वाटतो.

डर्क बोगार्डचा रायली हे या चित्रपटाचं दुसरं आश्चर्य. पटकथेच्या दृष्टीने तो एक नमुना आहे. युद्धाने विस्कटलेल्या घरांतून आलेली, जुन्या मुरलेल्या चोरांची शिस्तही नसलेली नवी पिढी, असं निवेदक आपल्याला आधीच सांगून ठेवतो. बोगार्डने त्या नमुन्यात जीव ओतला. डायानासमोर पिस्तुलाशी चाळा करताना त्याच्या डोळ्यांत जी मजा आहे, तिला घाबरवताना येणारी जी झिंग आहे, ती कागदावर लिहिलेल्या समाजशास्त्रातून येत नाही. आणि तो स्वतःहून पोलिसांसमोर जाऊन बसतो, हसतो, मोठ्या माणसाचा आव आणतो, तेव्हा त्याच्या उद्दामपणाच्या खाली असलेलं लहान पोर आपल्याला दिसत राहतं. ज्याचा तिरस्कार करायला चित्रपट सांगतो त्याच्याकडेच डोळे वळतात. डिअर्डनला हे दिसलं असणार. कॅमेरा त्या चेहऱ्यावर थोडा जास्तच रेंगाळतो. जॅक वॉर्नरचा डिक्सन आपल्याला सुरक्षित वाटायला लावतो, पण पुढचा ब्रिटिश सिनेमा रायलीच्या चेहऱ्यातून निघाला, असं माझं मत आहे.

आता दोष. निवेदनाचा दोष वरवरचा, पण सतत टोचणारा. जे डोळ्यांना दिसतंय तेच कानांना समजावून सांगायचं, आणि शिवाय त्यावर नागरिकशास्त्राचा धडा द्यायचा, यामुळे अनेक चांगली दृश्यं अर्ध्या ताकदीची होतात. डायाना दिसायच्या आधीच ती कोणत्या प्रकारची मुलगी हे आपल्याला सांगितलं जातं. पेगी एव्हान्सला मग उन्मादाने किंचाळण्यापलीकडे करायला फारसं काही उरत नाही. ती घरातून का पळाली? घरात काय होतं? चित्रपट थोडक्यात एक कारण देतो आणि पुढे सरकतो. रायलीला तर घरच नाही. आई, बाप, शाळा, नोकरी, काहीच नाही. एका बाजूला डिक्सनच्या बागेतली फुलंसुद्धा ओळखीची, दुसऱ्या बाजूला माणसाला मागचा दिवस नाही. ज्यांनी ठाण्याचं दार उघडलं त्यांना ठाण्याच्या पलीकडचं घर दाखवायचं नव्हतं असं कुणी म्हणेल. मला वाटतं, दार कुणी अडवलं नव्हतं, ईलिंगलाच तिकडे जावंसं वाटलं नाही. चित्रपट पोलीस सेवेला अर्पण केलेला आहे, आणि अर्पण केलेल्या गोष्टीत माणूस शंका काढत नाही.

शेवटाचा दोष अधिक खोल आहे, आणि गंमत म्हणजे चित्रपटातली सर्वांत थरारक दृश्यं तिथेच आहेत. पाठलागात गाडी आदळते, रायली व्हाइट सिटीच्या कुत्र्यांच्या शर्यतीच्या स्टेडियममध्ये घुसतो. हजारोंची गर्दी. पोलीस बुकींची मदत मागतात. शर्यतीचे भाव खाणाखुणांनी एकमेकांना कळवणारी माणसं त्याच खुणांनी रायलीचा माग मैदानभर पाठवू लागतात. पुस्तकी भाषेत ज्यांना गुन्हेगारी जग म्हणतात तेच पोलिसांच्या बाजूने उभं राहतं. गर्दी आवळत जाते, आणि अँडी त्या पोराच्या हातून पिस्तूल काढून घेतो. दृश्य म्हणून हे अप्रतिम आहे. हातांच्या त्या हालचाली बघताना श्वास रोखला जातो. पण विचार म्हणून ती एक इच्छा आहे. १९४० साली बॉम्बवर्षावात सगळं शहर एक झालं होतं अशी जी आठवण लंडनने जपली, तिचं हे दहा वर्षांनंतरचं रूप : चोर, पोलीस, बुकी, प्रेक्षक सगळे एक, आणि बाहेरचा फक्त एकच. शहर असं एकदिलाने कुणाला बाहेर काढायला निघतं तेव्हा, तो खरोखर दोषी असला तरी, मला अस्वस्थ वाटतं. चित्रपटाला वाटत नाही.

ही अस्वस्थता उगाच आजची दृष्टी जुन्या कलाकृतीवर लादल्यामुळे नाही. तिला त्याच परिसराचा आणि त्याच महिन्याचा आधार आहे. १९५० च्या जानेवारीत, हा चित्रपट पडद्यावर यायच्या सुमारास, ओल्ड बेलीच्या न्यायालयात टिमथी एव्हान्स नावाच्या तरुण वेल्श माणसाला स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झाली. तो राहायचा नॉटिंग हिलमधल्या १० रिलिंग्टन प्लेस या घरात, ‘द ब्लू लॅम्प’मधल्या गाड्या जिथून घंटा वाजवत गेल्या त्या लॅडब्रोक ग्रोव्हजवळ. त्याची पत्नी बेरिलही मारली गेली होती. त्याने पोलिसांना वेगवेगळे जबाब दिले, कबुलीही दिली, मग ती मागे घेऊन खालच्या मजल्यावरच्या जॉन क्रिस्टीचं नाव घेतलं. क्रिस्टी सरकार पक्षाचा साक्षीदार होता. न्यायालयाने त्याच्यावर विश्वास ठेवला. तो युद्धात राखीव कॉन्स्टेबल होता, नेमणूक हॅरो रोड ठाण्यात. त्याच्या नावावर जुने गुन्हे होते, तरी भरतीच्या वेळी कुणी ते तपासले नव्हते. एव्हान्सला ९ मार्च १९५० रोजी फाशी दिलं. १९५३ साली क्रिस्टीच्या घरात आणि बागेत स्त्रियांची प्रेतं सापडली तेव्हा उघड झालं, की त्यातला पहिला खून त्याने १९४३ साली, म्हणजे अंगावर गणवेश असतानाच केला होता. १९४९ साली पोलीस त्या घराची झडती घ्यायला आले होते. बागेत कुंपणाला टेकू म्हणून माणसाच्या मांडीचं हाड लावलेलं होतं. ते कुणाच्या नजरेस पडलं नाही. क्रिस्टीने बेरिलचा खून कबूल केला, त्याला फाशी झाली, आणि एव्हान्सला मरणोत्तर माफी मिळायला १९६६ साल उजाडलं.

ईलिंगच्या कुणालाही यातलं काही माहीत असण्याची शक्यता नव्हती, आणि त्यांना जाब विचारावा असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण ‘द ब्लू लॅम्प’ ज्या कामाचा गौरव करतो ते काम म्हणजे लक्ष देणं. लहान मुलीचं ऐकणं, कालव्याचा तळ ढवळणं, गस्तीच्या वाटेवरची प्रत्येक खिडकी ओळखणं. एव्हान्सच्या प्रकरणात नेमकं तेच झालं नाही. धांदरट, अर्धशिक्षित, खोटं बोलणाऱ्या माणसाचं कुणी ऐकलं नाही, आणि शांत, सभ्य, माजी पोलिसाचं सगळ्यांनी ऐकलं. चित्रपटात दोषी कोण हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असतं. पोलिसांची चूक होऊ शकते या शक्यतेला पटकथेत जागाच नाही. तपासाची कार्यपद्धती दाखवणाऱ्या चित्रपटाने ती पद्धत चुकते कशी हे दाखवलं नाही, हा माझ्या मते त्याचा खरा उणेपणा.

डिक्सनचं पुढे जे झालं ते चित्रपटाच्या इतिहासात क्वचितच घडतं. टेड विलिसने त्याला जिवंत केलं. १९५५ साली बीबीसीने ‘डिक्सन ऑफ डॉक ग्रीन’ ही मालिका सुरू केली. ज्याला लाखो लोकांनी गोळी लागून मरताना पाहिलं होतं तोच कॉन्स्टेबल, तोच जॅक वॉर्नर, ठाण्याच्या दारात उभा राहून प्रेक्षकांना सलाम करू लागला. मालिका १९७६ पर्यंत चालली. शेवटी वॉर्नरचं वय ऐंशी झालं होतं. लोकांना तो हवा होता, आणि तो का हवा होता हे मी समजू शकतो. पण दर आठवड्याला येणाऱ्या त्या आश्वासक डिक्सनने मूळ चित्रपटाची धार झाकून टाकली. आज पुष्कळ ब्रिटिश माणसं डिक्सनचं नाव भाबडेपणासाठी वापरतात, आणि चित्रपटात तो सिनेमागृहातल्या एका लुटीत, अर्ध्या वाटेवर, कुणाही कामावरच्या माणसासारखा मारला गेला हे विसरतात. १९६२ साली बीबीसीवरच ‘झी-कार्स’ आली आणि तिने मुद्दाम त्या प्रतिमेला छेद दिला. तिच्यातले पोलीस बायकोवर हात उचलत होते, जुगार खेळत होते, चिडत होते.

मराठी वाचकाला तुलना हवी असेल तर ती आपल्या हाताशी आहे. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून, विजय तेंडुलकरांच्या पटकथेतून गोविंद निहलानींनी १९८३ साली ‘अर्धसत्य’ केला. त्यातला अनंत वेलणकरही प्रामाणिक पोलीस आहे. पण त्याच्या प्रामाणिकपणाला बाहेरून राजकारण आणि आतून स्वतःचा राग पोखरतो, आणि कोठडीत त्याच्या हातून माणूस मरतो. डिक्सनच्या ठाण्यात कोठडीचं दार क्वचितच उघडलेलं दिसतं. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले की एकाला जे सांगता आलं नाही ते दुसऱ्याने सांगितलं आहे असं वाटतं. उलटही खरं आहे. रात्रपाळी संपवून घरी आलेल्या पोलिसाची बायको ताट वाढताना काय बोलते हे ‘द ब्लू लॅम्प’ जसं जाणतो तसं ‘अर्धसत्य’ जाणत नाही, कारण वेलणकरला तसं घरच नाही.

‘द ब्लू लॅम्प’चा पटकथाकार क्लार्क स्वतः मात्र पोलिसांच्या कौतुकात फार दिवस रमला नाही. पुढच्याच वर्षी त्याने ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ लिहिला. त्यात पोलिसांच्या गाड्या, वायरलेसचे संदेश, पाठलाग सगळं तेच आहे, पण चोरच वायरलेसवरून खोटे संदेश देतात आणि गाड्या एकमेकींवर आदळतात. ज्या यंत्रणेचं त्याने मनापासून कौतुक केलं होतं तिलाच तो मनापासून हसला, आणि त्या पटकथेला ऑस्कर मिळालं.

डिअर्डन आणि त्याचा सहकारी मायकल रेल्फ यांचा प्रवास अधिक गंभीर आहे, आणि या पुस्तकाचा उत्तरार्ध त्याला दिला आहे. १९५९ साली त्यांनी ‘सफायर’ केला. हॅम्पस्टेड हीथवर एका तरुणीचं प्रेत सापडतं. ती गोरी समजली जाते, पण तिचा भाऊ ठाण्यात येतो तो काळा असतो. नॉटिंग हिलच्या वांशिक दंगलींना तेव्हा एकच वर्ष झालं होतं. या वेळी तपास करणाऱ्या दोन अधिकाऱ्यांपैकी एकाच्या मनातला वर्णद्वेष पडद्यावर स्पष्ट बोलून दाखवला जातो, आणि त्याचा वरिष्ठ त्याला अडवतो. ‘द ब्लू लॅम्प’मध्ये जी शंका ठाण्याच्या बाहेर राहिली होती ती इथे टेबलापाशी येऊन बसली. या चित्रपटालाही ब्रिटिश अकादमीचा तोच पुरस्कार मिळाला. दोन वर्षांनी ‘व्हिक्टिम’ आला. पुरुषांमधले समलिंगी संबंध हा इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत गुन्हा होता. त्या कायद्याच्या आडून होणाऱ्या खंडणीखोरीवरचा हा चित्रपट. इथे पोलीस अधिकारी समंजस आहे, कायदा अन्यायकारक आहे, आणि ज्या कायद्याची अंमलबजावणी करायची त्याच्याबद्दलच शंका असलेला पोलीस आपल्याला भेटतो. नायक आहे डर्क बोगार्ड. अकरा वर्षांपूर्वी ज्याच्याभोवती डिअर्डनने स्टेडियमभर माणसं आवळत नेली होती, त्याच नटाला त्याने आता मध्यभागी उभं केलं आणि प्रेक्षकांना त्याच्या बाजूने पाहायला लावलं.

पुस्तकातली प्रकरणं या क्रमाने लावली आहेत. शक्य असेल त्यांनी चित्रपटही याच क्रमाने पाहावेत : आधी ‘द ब्लू लॅम्प’, मग ‘सफायर’, शेवटी ‘व्हिक्टिम’. पहिल्या चित्रपटातलं निवेदन सहन करावं लागेल. ठाण्यातली दृश्यं येतील तेव्हा मागे बसलेल्या, संवाद नसलेल्या माणसांकडे पाहावं. बोगार्ड दिसेल तेव्हा त्याच्या हातांकडे पाहावं.